मनी प्लांटची पानं पिवळी पडतायत, पाणी कमी होतंय की जास्त?

इंदिरानगरची_मेघा: नमस्कार मंडळी, हॉलमध्ये कोपऱ्यात मनी प्लांट आणि स्नेक प्लांट ठेवलंय. नर्सरीवाल्याने सांगितलं होतं रोज ग्लासभर पाणी घाला, तसं घालतेय. पाऊस सुरू झाल्यापासून मनी प्लांटची रोज दोन-तीन पानं पिवळी होऊन गळतायत. मला वाटलं पाणी कमी पडतंय म्हणून सकाळ-संध्याकाळ घालायला लागले, तर अजूनच वाढलं. सासूबाई म्हणतात पाणी बंद कर. कोणाचं ऐकू? कुंडीभोवती बारीक चिलटंही उडतायत.

कुंडीवाला: ताई तीन गोष्टी सांगा आधी. पिवळी होणारी पानं खालची जुनी आहेत की शेंड्याची? बोट दोन पेरं आत घातलं तर माती ओली लागते का? आणि कुंडीला खाली भोक आहे का? चिलटं म्हणजे माती सतत ओली आहे असंच समजा.

इंदिरानगरची_मेघा: खालची. बोट घातलं तर चिखलच आहे आत. प्लास्टिकच्या कुंडीला भोकं आहेत पण ती मी पांढऱ्या सिरॅमिकच्या शोभेच्या कुंडीत ठेवलीय, तिला भोक नाही. आत्ता उचलून बघितलं, तळाला दोन बोटं पाणी आणि काय घाण वास!

निफाडकर_बागवाला: सापडलं मग. आमच्याकडे द्राक्षबागेत पाऊस लागून राहिला आणि काळ्या जमिनीत पाणी तुंबलं की वेलीची पानं अशीच पिवळी पडतात. पाणी आहे पण मुळीला हवाच नाही, मुळी गुदमरली की खाली पाणी असून वर झाड उपाशी. म्हणून आम्ही जमिनीला वाफसा आलाय का, म्हणजे मातीत ओल आणि हवा दोन्ही बेताची आहे का, ते बघतो. मूठभर माती दाबून गोळा करायचा, हाताला चिकटला तर अजून ओली, हलकेच खाली टाकल्यावर फुटला की वाफसा. कुंडीत एवढं करायची गरज नाही, बोटानं भागतं, पण हिशोब तोच, वार बघून पाणी द्यायचं नाही. आणि शेतातली काळी माती कुंडीत भरू नका हो, ओली झाली की गच्च बसते आणि वाळली की भेगा पडून पाणी कडेनं सुळकन खाली जातं, मधे कोरडंच!

मोकळं_अंगण: मेघा, मी तर कुंडी उचलून बघते. भरपूर पाणी दिल्यावर एकदा उचलायची, वजन लक्षात ठेवायचं, हलकी लागेपर्यंत हात लावायचा नाही. कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) असेल तर फसू नकोस, वरून वाळलेलं दिसतं आणि आत ओलं असतं. देताना मात्र चमचा-चमचा नको, खालून निघेपर्यंत दे आणि बशीतलं पाणी ओतून टाक. स्नेक प्लांटला तर थंडीत महिनाभर पाणी नाही दिलं तरी ते कुरकुरत नाही, आणि नाशिकची थंडी म्हणजे माती लवकर वाळतच नाही. बोअरचं पाणी वापरत असशील आणि मातीवर पांढरा थर येत असेल तर ते वेगळं दुखणं, तेव्हा नवीन पानं पिवळी आणि शिरा हिरव्या राहतात. तुझं ते नाहीये.

कुंडीवाला: मोकळं_अंगण काकूंशी सहमत. आता झाड काढून मुळं बघा. पांढरी, टणक असतील तर नुसतं वाळू द्या. तपकिरी, गिळगिळीत झालेली कात्रीनं काढा आणि भुसभुशीत मातीत लावा, पाणी कमी द्या. लगेच खत घालायच्या भानगडीत पडू नका. पिवळं पडलेलं पान परत हिरवं होत नाही, त्याची वाट बघू नका.

इंदिरानगरची_मेघा: काढलं. अर्धी मुळं तपकिरी, ओढली तर वरची साल हातात येते आणि आत दोऱ्यासारखं राहतं. उरलेलं झाड कोकोपीट आणि शेणखतात लावू का?

निफाडकर_बागवाला: शेणखत सध्या नको, त्याऐवजी वाळू मिसळा. आणि शेंड्याकडच्या चांगल्या दोन काड्या पेरासकट (पान फुटतं त्या गाठीसकट) कापून पाण्याच्या बाटलीत ठेवा, पेर पाण्यात बुडलं पाहिजे, मुळी तिथूनच फुटते. मूळ झाड गेलं तरी वेल राहील.

इंदिरानगरची_मेघा: काड्या बाटलीत ठेवल्या, सिरॅमिकची कुंडी धुऊन गॅलरीत पालथी घातली. सासूबाईंनी बघितलं, काही बोलल्या नाहीत, नुसत्या हसल्या 😅