17,625 रुपये आले कुठून?

कुलकर्णी काका, ए-204 (सकाळी 6.48)
सर्वांना नमस्कार. काल रात्री साडेअकराला मला मेसेज आला, "आपली देय रक्कम 17,625 रुपये." मी खो-खोच्या मुलींच्या वर्गणीत, त्या उचलतील त्या वजनाच्या किलोला 5 रुपये लिहिले होते. 5 रुपये! हा आकडा कुठून आला ते कुणीतरी सांगावे. आमच्या सौ. रात्रभर झोपलेल्या नाहीत.

सचिन, सी-303 (6.55)
काका, मला 10,575 आलाय. मी तीन लिहिले होते.

जोशी काकू, बी-402 (7.02)
बी विंगची लिफ्ट आज 19 वा दिवस बंद आहे. कुणी लक्ष देईल का?

सचिन, सी-303 (7.03)
काकू, मुलींनी काल पार्किंगमध्ये साडेतीन हजार किलो लिफ्ट केलंय. तुम्हालाही चौथ्यापर्यंत नेतील 😀

जोशी काकू, बी-402 (7.05)
माझे गुडघे दुखतात सचिन. मला गंमत सुचत नाही.

सचिन, सी-303 (7.06)
सॉरी काकू. येताना दूध मी वर आणून देतो.

रोहिणी, सी-101 (7.20)
काका, सगळ्यांचीच माफी मागते. चूक माझी आहे. आधीचा नियम काय होता ते आठवा. प्रत्येक मुलीने झेपेल तेवढं वजन एकदा उचलायचं, सगळ्यांची बेरीज करायची आणि किलोमागे पैसे. मागच्या रविवारी मेघाताईंनी हरकत घेतली म्हणून ते बदललं. हलकं वजन, दहा वेळा. शीटमध्ये मी दहाही उचली धरून 3,525 किलो भरले आणि मेसेज सगळ्यांना एकदम गेले. रात्री डोळ्यावर झोप होती, एकदा तपासायला हवं होतं.

कुलकर्णी काका, ए-204 (7.26)
मग ज्या नियमावर शब्द दिला त्याच नियमाने हिशेब व्हावा. नियम बदलला तेव्हा मला कुणी विचारलं नाही.

निंबाळकर, बी-201 (7.31)
विचारायची पद्धत आपल्याकडे आहेच कुठे. मागच्या गणपतीचा हिशेब अजून बोर्डावर लागलेला नाही.

शिंदे (सेक्रेटरी) (7.34)
निंबाळकर साहेब, गणपतीचा हिशेब वार्षिक सभेत वाचून दाखवला होता. आपण त्या दिवशी गावी होतात. 🙏

निंबाळकर, बी-201 (7.35)
वाचणे वेगळे, लावणे वेगळे. 🙏

डॉ. मेघा, ए-103 (7.50)
नियम माझ्यामुळे बदलला, म्हणून मीच सांगते. आपल्या निम्म्या मुली तेरा-चौदाच्या आहेत. वजन उचलल्याने उंची खुंटते हा समज चुकीचा आहे. नीट शिकवून, कुणीतरी जवळ उभं राहून केलेला व्यायाम या वयात चालतो, उलट खो-खोत उठता-बसता पायाला उपयोगच होतो. पण "जास्तीत जास्त किती" ही चुरस या वयात नको. पोरी ईर्षेने पाठ वाकवून उचलतात. आणि किलोमागे पैसे म्हटलं की ईर्षा आणखी वाढते. माझी हरकत तेवढीच होती.

पाटील सर, ए-302 (7.58)
ताईंचं बरोबर आहे. काल वैदेहीला मी सातवर थांबवलं. सहाव्याला पाठ गोल झाली, सातव्याला गुडघे आत आले. ती रडली. "माझ्यामुळे 75 किलो कमी झाले" म्हणाली. 25 गुणिले तीन, पोरीनं मनात हिशेब केलेला. ते मला अजून खातंय. पुढच्या वेळी किलो नकोतच.

सचिन, सी-303 (8.01)
सर, वैदेहीला सांगा, ते 75 किलो माझ्याकडून.

कुलकर्णी काका, ए-204 (8.04)
वैदेहीबद्दल कुणाचीच तक्रार नाही, गुणी मुलगी आहे. माझा मुद्दा एकच. ज्या नियमावर शब्द दिला त्याच नियमाने हिशेब व्हावा.

देसाई, सी-202 (8.10)
काका, सांगलीत राहून इतकी घासाघीस? आपल्या वेटलिफ्टर संकेत सरगरने बर्मिंगहॅमला कोपर दुखावलेलं असताना तिसऱ्या उचलीला हात घातला. मुलींसाठी थोडं जास्त गेलं तर काय बिघडलं?

कुलकर्णी काका, ए-204 (8.19)
देसाई, मी त्या दिवशी टीव्हीसमोरून हललो नव्हतो. 2022 च्या राष्ट्रकुल स्पर्धेतलं भारताचं ते पहिलं पदक. 55 किलो गट, एकूण 248 किलो, एका किलोने सुवर्ण हुकलं. पण ते 248 कसे झाले? उचलायचे दोन प्रकार, स्नॅचमध्ये 113, क्लीन अँड जर्कमध्ये 135. दोन्हीतली एकेक सर्वांत चांगली उचल. सगळ्या उचलींची बेरीज तिथेही करत नाहीत. त्याच नियमाने हिशेब व्हावा एवढंच म्हणतोय.

पाटील सर, ए-302 (8.21)
काका, हे शंभर टक्के खरं.

सचिन, सी-303 (8.22)
उसाची पहिली उचल कारखाना शेतकऱ्याला देतो. इथे आमच्याकडूनच उचल घेताय 😀

जोशी काकू, बी-402 (8.30)
लिफ्ट. बी विंग. 19 वा दिवस.

शिंदे (सेक्रेटरी) (8.33)
काकू, लिफ्टवाल्याचा माणूस उद्या अकराला येतोय. एक पार्ट यायचा होता.

जोशी काकू, बी-402 (8.34)
हे मागच्या सोमवारीही लिहिलं होतंत.

रोहिणी, सी-101 (9.15)
सगळ्यांसाठी नीट मांडते. बार 15 किलोचा. सहा लहान मुलींना दोन्ही बाजूंना 5-5 च्या प्लेट, म्हणजे 25 किलो. सहा मोठ्यांना 10-10 च्या, म्हणजे 35 किलो. प्रत्येकीची एकच उचल धरली तर 150 अधिक 210, एकूण 360 किलो. सगळ्या घरांनी मिळून किलोला 118 रुपये लिहिलेत. 360 गुणिले 118 म्हणजे 42,480.
खर्च असा: मॅटचे बूट 12 जोड 18,000, गुडघ्याचे पॅड 4,800, जर्सी 4,200, स्पर्धेला जायची गाडी 14,000. एकूण 41,000. भागतंय. उरलेल्या 1,480 मध्ये प्रथमोपचाराची पेटी घेऊ.
कालच्या माझ्या शीटप्रमाणे चार लाख पंधरा हजार नऊशे पन्नास होत होते. ते बघूनच मला कळायला हवं होतं.
काका, तुमचे 1,800. सचिन, तुझे 1,080.

कुलकर्णी काका, ए-204 (9.21)
1,800 मान्य. आत्ता पाठवतो.

निंबाळकर, बी-201 (9.24)
पाठवतो कुठे? रोहिणीच्या स्वतःच्या खात्यात? हे योग्य नाही. आणि बाहेरच्या लोकांकडून एक रुपया घेतला असेल तर धर्मादाय आयुक्तांची वर्गणी गोळा करायची परवानगी, कलम 41-क ची, लागते, गणपतीला मंडळं काढतात तशी.

रोहिणी, सी-101 (9.27)
बाहेरचं कुणीही नाही. 31 घरं, सगळी आपली. यादी हवी तर आत्ता टाकते.

निंबाळकर, बी-201 (9.28)
यादी बोर्डावर लावावी.

देसाई, सी-202 (9.30)
निंबाळकर, तुम्ही किती लिहिलेत हो?

निंबाळकर, बी-201 (9.31)
तो विषय नाही.

देसाई, सी-202 (9.36)
सिंकिंग फंड बँकेत नुसता पडून आहे, त्यातून का देत नाही? मुलीही सोसायटीच्याच ना?

शिंदे (सेक्रेटरी) (9.40)
सिंकिंग फंड इमारतीच्या मोठ्या दुरुस्तीसाठी असतो, देसाई. त्याला हात लावता येत नाही. आणि वैयक्तिक टोमणे नकोत, ग्रुप सर्वांचा आहे. रोहिणीताई, यादी, पावत्या आणि बिलं माझ्याकडे द्या. संध्याकाळी सातच्या आत बोर्डावर लावतो. गणपतीच्या हिशेबासकट.

निंबाळकर, बी-201 (9.41)
धन्यवाद. किलोला 2 रुपये माझेही लिहा. 720 होतात. रोख देईन, पावती हवी.

ओंकार माने, बी-104 (10.05)
रोहिणीताई, एक अडचण झालीये. आजीने किलोला 1 रुपया लिहिला होता. तिला रात्री 3,525 चा मेसेज आला आणि तिने सकाळी सात वाजताच पाटील सरांच्या हातात पूर्ण पैसे दिले. पेन्शनचे.

रोहिणी, सी-101 (10.07)
अरे देवा. 360 ठेवून बाकीचे 3,165 आत्ता परत आणून देते.

पाटील सर, ए-302 (10.09)
पाकीट माझ्याकडेच आहे, उघडलेलंही नाही. वाटलं तिने जास्तीचे कौतुकाने दिले. मीच विचारायला हवं होतं.

ओंकार माने, बी-104 (10.15)
ती परत घ्यायला तयार नाही. काल पहिल्या मुलीपासून शेवटच्यापर्यंत ती खुर्ची टाकून बसली होती. प्रत्येक उचलीला बोटाचं एक पेर मोजत होती. म्हणते, "एकशे सतरा वेळा उचललं पोरींनी, मी मोजलंय. एकदाच कसं धरता?"

पाटील सर, ए-302 (10.17)
एकशे सतराच. वैदेहीच्या सात धरून. माझ्या वहीतही तेवढेच आहेत.

कुलकर्णी काका, ए-204 (10.24)
माने वहिनींना माझा नमस्कार सांगा. पण पेन्शनचे पैसे आहेत, परत द्यावेत. नियम सर्वांना एकच हवा.

ओंकार माने, बी-104 (10.31)
आजीला वाचून दाखवलं. म्हणाली, कुलकर्णींना सांग, नियम वर्गणीला. ही वर्गणी नाही. ती शाळेत असताना खो-खो खेळायची, बूट नव्हते, अनवाणी. आता आपल्या बायकांनी दिल्लीत वर्ल्ड कप जिंकला, कॅप्टन महाराष्ट्राची प्रियांका इंगळे, तेव्हापासून तिचं रोज तेच चाललंय. बूट चांगले घ्या म्हणते.

डॉ. मेघा, ए-103 (10.34)
रोहिणी, 360 वर्गणीत घे. बाकीचे तिच्या नावाने वेगळे लिही आणि बुटांनाच वापर. पण आधी एकदा घरी जाऊन तिच्याशी नीट बोल. महिन्याच्या औषधांचं बघून मगच घे.

रोहिणी, सी-101 (10.36)
अकराला जाते. काका, तुम्ही येता का बरोबर?

कुलकर्णी काका, ए-204 (10.40)
येतो. साडेअकरा करा, मला बँकेत जायचंय.

जोशी काकू, बी-402 (10.52)
सचिनने दूध आणून दिलं. किलोला 2 रुपये माझेही लिहा रोहिणी. आणि शिंदे, उद्या अकराला मी खाली येऊन बसणार आहे, जिन्यानेच. लिफ्टवाला आला नाही तर मला वर कोण नेणार ते आजच ठरवा.