मदत हवी आहे: एकच विंडोज शाळेतल्या सगळ्या संगणकांवर टाकता येते का?

नमस्कार मंडळी,

आमच्या गावातल्या शाळेला एका कंपनीने वापरलेले 22 डेस्कटॉप भेट दिले आहेत. हार्ड डिस्क पूर्ण पुसून दिल्यात, आत काहीही नाही. मी शाळेच्या समितीवर आहे आणि संगणक कक्ष उभा करायचं काम माझ्याकडे आलंय.

12 यंत्रं ब्रँडेड आणि त्यातल्या त्यात नवी, आठव्या पिढीच्या आय-फाइव्हची. त्यांवर विंडोज 10 प्रोचा छोटा स्टिकर आहे, पण की (विंडोज चालू करायचा सांकेतिक क्रमांक) छापलेली नाही. 7 जुनी, तिसऱ्या पिढीची. त्यांच्या अंगावर विंडोज 7 प्रोफेशनलचा स्टिकर, त्यावर 25 अक्षरांची की. उरलेली 3 असेंबल केलेली, त्यांवर काहीच नाही. शिवाय शाळेने पूर्वी दुकानातून घेतलेला विंडोज 10 प्रोचा एक खोका आहे. तो मुख्याध्यापकांच्या संगणकावर वापरात आहे.

दुरुस्तीवाला म्हणतो, "एकच पेनड्राइव्ह, एकच की. एकावर टाकतो, बाकीच्यांना क्लोन मारतो, म्हणजे त्याचीच हुबेहूब प्रत उतरवतो, संध्याकाळपर्यंत सगळी चालू. कोण विचारतंय?" मला हे पटत नाही. ज्या खोलीत मुलं पहिल्यांदा संगणकाला हात लावणार, तिथे चोरीची विंडोज नको, असं मनापासून वाटतं. पण शाळेकडे पैसे खरंच कमी आहेत.

खोक्यातली विंडोज किती यंत्रांवर चालते? स्टिकरवरच्या की आजही उपयोगाच्या आहेत का? आणि क्लोन मारणं नियमात बसतं का? जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद 1

आधी एक गोष्ट वेगळी करा: पेनड्राइव्ह आणि लायसन्स. मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून उतरवलेल्या एकाच पेनड्राइव्हने 22 यंत्रांवर विंडोज टाकायला काहीच हरकत नाही. मोजलं जातं ते लायसन्स, आणि ते प्रत्येक यंत्राला एक.

तुमचा खोका म्हणजे रिटेल, दुकानात सुटं मिळणारं लायसन्स. एका वेळी एकच संगणक. उद्या मुख्याध्यापकांचा संगणक बदलला, तर जुन्यावरून काढून नव्यावर नेता येईल, एवढीच त्यात मोकळीक.

ब्रँडेड यंत्रांबरोबर येतं ते ओईएम, म्हणजे यंत्र बनवणाऱ्या कंपनीने घालून दिलेलं लायसन्स. ते त्याच यंत्राला, खरं तर मदरबोर्डला (आतल्या मुख्य सर्किटला), बांधलेलं असतं. दुसऱ्या संगणकावर नेता येत नाही, पण यंत्राचा मालक बदलला की त्याच्याबरोबर जातं. तुमच्या 12 यंत्रांची की स्टिकरवर नाही कारण विंडोज 8 पासून मोठ्या कंपन्या ती बायोसमध्येच (मदरबोर्डवरच्या मूळ प्रोग्रॅममध्ये) भरून देतात. इन्स्टॉल करताना की विचारली तर "माझ्याकडे की नाही" निवडा, आवृत्ती मात्र प्रोच घ्या. इंटरनेट जोडलं की बहुतेक आपोआप ॲक्टिव्हेट होईल, म्हणजे मायक्रोसॉफ्ट लायसन्स तपासून मान्य करेल. सेटिंग्ज, सिस्टीम, ॲक्टिव्हेशन इथे "डिजिटल लायसन्स" असं दिसलं की काम झालं. विंडोज 10 चा मोफत सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला, त्यामुळे यांवर थेट 11 टाका. आठवी पिढी चालते, बायोसमध्ये टीपीएम 2.0 (विंडोज 11 ला लागणारी सुरक्षा चिप) चालू आहे ना तेवढं बघा. 10 चं लायसन्स 11 ला पुरतं.

विंडोज 7 च्या सात यंत्रांचं अवघड आहे. 7 वरून 10 ची मोफत बढती जाहीरपणे जुलै 2016 मध्ये संपली. जुनी की घालून ॲक्टिव्हेट होण्याची वाट त्यानंतरही चालू होती, ती सप्टेंबर 2023 मध्ये बंद केली. त्या कंपनीने मधल्या काळात त्यांवर 10 चढवली असेल, तर त्या यंत्राची नोंद मायक्रोसॉफ्टकडे असते आणि पुन्हा 10 प्रो टाकल्यावर ॲक्टिव्हेट होते. तरी 11 त्यांवर अधिकृतपणे चालत नाहीच.

क्लोनबद्दल: नुसत्या ओईएम लायसन्सवर एकाची प्रत सगळीकडे उतरवायचा हक्क मिळत नाही. संस्थेकडे त्याच आवृत्तीचं किमान एक व्हॉल्यूम लायसन्स (संस्थांना करारावर मिळणारं) असेल, तर त्याच्या इन्स्टॉल फाइलींवरून बाकीची यंत्रं री-इमेज करता येतात, म्हणजे एकच तयार प्रत सगळ्यांवर उतरवता येते. 12 यंत्रांसाठी एवढा खटाटोप नको, एकेक करून टाका.

प्रतिसाद 2

वरच्या प्रतिसादात एक भर. कंपन्यांमध्ये बहुतेक ठिकाणी व्हॉल्यूम कराराची एंटरप्राइज आवृत्ती चालते. ती तुमच्याकडे येत नाही, करार त्या कंपनीचा. येतं ते यंत्राबरोबरचं मूळ प्रो. देणगीच्या पत्रात प्रत्येक यंत्राचा सिरियल नंबर आणि "मूळ ओईएम लायसन्ससह" असा उल्लेख आठवणीने मागून घ्या. ऑडिटमध्ये हेच कागद लागतात.

आणि दुरुस्तीवाल्याची "एकच की" म्हणजे बऱ्याचदा कुठल्या तरी कंपनीची फुटलेली व्हॉल्यूम की असते. कोटा संपला की ती बंद पडते. नाहीतर तो केएमएसचा क्रॅक, म्हणजे लायसन्सची तपासणी फसवणारा प्रोग्रॅम, टाकतो. खरं केएमएस म्हणजे विंडोज ॲक्टिव्हेट करणारा संस्थेचा स्वतःचा सर्व्हर, किमान 25 संगणक असल्याशिवाय तो ॲक्टिव्हेट करतच नाही आणि दर 180 दिवसांत नूतनीकरण लागतं. क्रॅक या सर्व्हरचं सोंग घेतो, आणि तो टाकण्यासाठी अँटिव्हायरस बंद करायला सांगतात. मुलांच्या संगणकांवर हे अजिबात होऊ देऊ नका.

कायद्यात कॉपीराइट अधिनियम 1957 चं कलम 63ब आहे: बेकायदा प्रत माहीत असून वापरली तर किमान 7 दिवस ते 3 वर्षं कैद आणि 50,000 ते 2 लाख दंड. धंद्यासाठी वापर नसेल तर न्यायालय कैद माफ करू शकतं, पण 50,000 पर्यंत दंड तरीही होऊ शकतो. शाळेत फी घेऊन बाहेरचे कोर्स चालवणार असाल तर ही सवलत गृहीत धरू नका.

मूळ प्रश्नकर्ता

दोघांचे मनापासून आभार. 12 चा प्रश्न सुटला. उरलेल्या 10 साठी व्हॉल्यूम लायसन्स घेतलं तर?

प्रतिसाद 3

व्हॉल्यूमचं विंडोज हे फक्त अपग्रेड असतं. खाली पात्र मूळ लायसन्स हवंच, आणि असेंबल केलेल्या तिन्हींवर ते नाही. त्यांना प्रत्येकी वेगळं रिटेल घ्यावं लागेल.

माझं स्पष्ट मत: या दहांवर विंडोजऐवजी लिनक्स ही मोफत प्रणाली टाका. लिनक्सचा गाभा (कर्नल) जीपीएल या मुक्त लायसन्सखाली आहे, त्यात वापरायची आणि वाटायची मोकळीक असते. उबुंटू किंवा मिंट या लिनक्सच्या आवृत्त्या कितीही यंत्रांवर टाका, क्लोन करा, मुलांना घरी न्यायला द्या, सगळं नियमात. चार जीबी रॅम असेल तर मिंटची हलकी एक्सएफसीई आवृत्ती घ्या. केरळच्या सरकारी शाळा वर्षानुवर्षं मुक्त सॉफ्टवेअरवर शिकवताहेत, तिथल्या 'काइट' संस्थेने उबुंटूवर आधारित स्वतःची आवृत्तीच काढली आहे. लिबरऑफिस या मोफत ऑफिस सॉफ्टवेअरमध्ये मुलं तेच शिकतात: तक्ता, पत्र, सादरीकरण.

मूळ प्रश्नकर्ता

पटलं. मुख्याध्यापकांशी बोललो, त्यांचीही तयारी आहे. फक्त मराठी टायपिंगचं काय? आमच्या बाई इनस्क्रिप्ट (भारतीय भाषांची प्रमाण कळफलक मांडणी) शिकवतात.

प्रतिसाद 3

इनस्क्रिप्ट लिनक्समध्ये आहे. सेटिंग्जमध्ये आयबस (भाषा टाइप करायची सोय) निवडून मराठी जोडा. यादीत इनस्क्रिप्ट आणि फोनेटिक दिसले नाहीत तर एम17एन हे कळफलक मांडण्यांचं पॅकेज टाका. आधी एका यंत्रावर सगळं बसवा, बाईंना टाइप करून बघू द्या, मग त्याचीच प्रत बाकीच्या नऊ यंत्रांवर उतरवा.