आठवड्याला किती तास पूलच्या टेबलावर? हात वाढवायचा नाही, आहे तो टिकवायचा आहे

हिंजवडी_ते_डेक्कन:
पूलचे एट-बॉल आणि नाइन-बॉल हे प्रकार खेळतो, 9 फुटी टेबलावर. आयटीची नोकरी, संध्याकाळ वाकडच्या पुलावर जाते. त्यामुळे सगळा खेळ रविवारी, सलग चार तास, तोही मित्रांबरोबर फ्रेम (पूर्ण डाव) लावून. पहिला तास हात बसण्यातच जातो. लांबचे सरळ बॉल पॉकेटच्या जबड्यात अडकतात आणि हळू मारायची पोझिशन (पुढच्या शॉटसाठी पांढरा बॉल हवा तिथे थांबवणं) हमखास चुकते. कमीत कमी किती सराव हवा? घराजवळच्या क्लबात फक्त 12 फुटी स्नूकर टेबल आहे, तिथला वेळ धरायचा का?

तिरकी_टिप:
तास मोजू नका, दोन बैठकांमधले दिवस मोजा. रविवारचे चार तास म्हणजे मधे सहा दिवस कोरडे. जवळपास तेवढाच वेळ तीन दिवसांत वाटा: आठवड्यात दोनदा एकट्याने 50-50 मिनिटं आणि रविवारी दोन तास फ्रेम. हात टिकवायला एवढं पुरतं. एकट्याची बैठक एकावर आली की घसरण सुरू होते, आणि ती तुम्ही सांगितलेल्या गोष्टींतच होते: आधी वेगाचा अंदाज जातो, मग लांबचा सरळ बॉल. नेम सगळ्यात शेवटी.

लांबचा सरळ बॉल का जातो, ते गणितातच आहे. पांढरा आणि रंगीत बॉल यांत 40 इंच, तिथून पॉकेट 50 इंच, पॉकेटचं तोंड साडेचार इंच धरा. पांढऱ्याची दिशा साधारण 0.08 अंशाने हलली की बॉल जबड्याला लागतो. ब्रिजपासून (क्यू, म्हणजे मारायची काठी, जिच्यावर टेकते तो पुढचा हात) टिपेपर्यंत (क्यूचं टोक) 25 सेंटिमीटर असतील तर हे टिपेपाशी अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी भरतं. इतकी बारीक सवय फ्रेममध्ये टिकत नाही, कारण फ्रेममध्ये असा शॉट येतोच किती वेळा?

50 मिनिटं अशी लावा. पहिली 5-7 मिनिटं फक्त पांढरा. ब्रेकच्या (डाव फोडायच्या पहिल्या शॉटच्या) रेषेवरून समोरच्या कुशनला (टेबलाच्या रबरी कडेला) मारून परत आणायचा, आपल्या बाजूच्या कुशनपासून वीतभर अंतरात थांबला पाहिजे. दहापैकी सहा आले की पुढे जा.

मग 20 सरळ स्टॉप शॉट, म्हणजे धडकेनंतर पांढरा जागीच थांबवायचा: आधी दोन डायमंडच्या (टेबलाच्या काठावरच्या खुणांच्या) अंतराने, मग तीन, मग चार. इथे पॉट झाला की नाही यापेक्षा पांढरा काय करतो ते बघा. पुढे सरकला तर टिप खाली लागली नाही, किंवा वेग कमी पडून वाटेत त्याची उलटी फिरकी संपली आणि तो पुढे लोळायला लागला. जागीच भोवऱ्यासारखा फिरला तर नकळत साइड (आडवी फिरकी) लागली, मग तो बॉल पॉकेटमध्ये गेला तरी चुकीचाच धरा. बहुतेक वेळा दोष मागच्या हाताचा असतो: मनगट वळतं, किंवा मारतानाच मान वर होते.

उरलेला वेळ खाली मोजून_मारा सांगेल, तो त्यातला पंतोजी आहे.

मोजून_मारा:
पंतोजी तर पंतोजी! उरलेल्या वेळात भुताशी, म्हणजे मनातल्या प्रतिस्पर्ध्याशी खेळा. पाच बॉल टेबलावर मोकळे टाका, पहिल्या शॉटला पांढरा हातात घ्या, मग आकड्यांच्या क्रमाने पाचही पॉट करा, की गुण तुमचा. एक जरी चुकला तरी गुण भुताचा. सात गुणांपर्यंत. लागोपाठ दोनदा जिंकलात तर सहा बॉल, 7-2 असे हरलात तर चार.

आकडे वहीत लिहा. स्टॉप शॉट 20 पैकी किती, भूत किती. दोन आठवडे आकडा पडला तर सराव कमी पडतोय, एवढं साधं आहे. ‘आज हात छान चालला’ ही नोंद नव्हे.

ब्रेक पाच-सहाच मारा. रॅक (बॉलची मांडणी) लावण्यातच टेबलाचे पैसे जातात.

बारा_फुटी:
स्नूकरचा वेळ अर्धा धरा. क्यू सरळ जाणं, डोकं स्थिर ठेवणं तिथे उत्तम घोटलं जातं. पण तिथला बॉल 52.5 मिलिमीटरचा, पूलचा 57.15 आणि वजनानेही जड. त्यात स्नूकरच्या कापडाला लव असते, हळू मारलेला साइडचा बॉल तीवर वेगळाच वळतो. म्हणजे तुमचा जो दोष आहे, हळू मारून पोझिशन, नेमका तोच तिथे सुधारणार नाही. पंकज अडवाणी बिलियर्ड्स आणि स्नूकर दोन्हीत विश्वविजेता आहे हे उदाहरण कुणीतरी देईलच (जन्म पुण्याचा ना!), पण ते दोन्ही खेळ एकाच टेबलावर होतात.

हिंजवडी_ते_डेक्कन:
बुधवार आणि शुक्रवार जमवतो. बुधवार चुकलाच तर घरी काही करता येईल?

तिरकी_टिप:
येईल. जेवणाच्या टेबलावर रिकामी पाण्याची बाटली आडवी ठेवा, हलू नये म्हणून दोन्हीकडून पुस्तकं लावा. टिप बाटलीच्या तोंडात कडेला न लागता जाऊन यायला हवी, 50 वेळा, सावकाश. पूलची टिप 12-13 मिलिमीटरची, त्यामुळे दोन्हीकडे जेमतेम चार-पाच मिलिमीटर उरतात. प्लॅस्टिकचा टक्‌ आवाज आला की तो स्ट्रोक मोजायचा नाही. वेगाचा अंदाज मात्र याने येत नाही, तो टेबलावरच.

चॉकची_धूळ:
एक राहिलं. जून ते सप्टेंबर कापड ओल धरतं, एसी नसलेल्या क्लबात तर फारच. बॉल आखूड पडतो, बँक शॉटचा (कुशनला लावून मारायच्या शॉटचा) कोनही आखडतो. सुरुवातीचे ते दहा पांढरे सगळे सारखेच कमी पडले तर हाताला दोष देऊ नका, कापड जड आहे. काही कमी, काही जास्त गेले तर मात्र हातच. टिप चकचकीत दिसत असेल तर चॉक धरणार नाही, बारीक सँडपेपरने हलकी खरवडून घ्या. आणि क्यू गाडीच्या डिकीत ठेवून ऑफिसला जाऊ नका.