सेवाक्लबांची शिबिरे आणि त्यानंतरचे काम : खानदेशातील अनुभव

जळगाव, धागाकर्ता (ही चर्चा सुरू करणारा)

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत रोटरी, लायन्स यांसारख्या सेवाक्लबांची कामे अनेक वर्षे चालू आहेत. शिबिरे होतात, वर्तमानपत्रात छायाचित्र येते आणि रोटरीत दर वर्षी १ जुलैला नवा अध्यक्ष सूत्रे हाती घेतो. या वार्षिक खांदेपालटामुळे नव्या माणसांना संधी मिळते हे खरेच. पण गेल्या वर्षीच्या कामाची जबाबदारी आता कोणाकडे आहे, हे कोणालाच सांगता येत नाही, अशी वेळही तिच्यामुळेच येते. म्हणून विनंती एवढीच आहे, की शिबिर कसे झाले यापेक्षा शिबिरानंतर काय झाले ते लिहावे. स्वयंसेवकांनी लिहावे, तसेच ज्यांच्यासाठी काम झाले त्यांनीही लिहावे. व्यक्तींची नावे टाळावीत.

रावेर, निवृत्त शिक्षक

माझा अनुभव पोलिओच्या कामाचा आहे. रोटरीने १९८५ मध्ये ‘पोलिओप्लस’ हा कार्यक्रम हाती घेतला आणि १९८८ पासून ती जागतिक आरोग्य संघटना, युनिसेफ आदींच्या बरोबरीने जागतिक निर्मूलन मोहिमेत उतरली. त्या वेळी १२५ देशांत मिळून वर्षाला सुमारे साडेतीन लाख मुलांना हा रोग होत होता. भारतात १९९५ मध्ये पल्स पोलिओ सुरू झाल्यावर आमच्या क्लबाचे सदस्य बूथवर बसू लागले. तथापि बूथवर येणारी मुले ही मुळात आई-वडिलांना फुरसत असलेल्या घरांतली असतात, हे लवकरच ध्यानात आले.

आमच्या भागात केळीच्या बागांत कामासाठी सातपुड्यातून पावरा आणि बारेला ही आदिवासी कुटुंबे येतात. रविवार असला तरी घड कापणे थांबत नाही, कारण ट्रक दारात उभा असतो. त्यामुळे बूथ उठल्यावर आम्ही आरोग्यसेविका ताईंबरोबर बागांत जात असू. घरोघरच्या फेरीत तपासलेल्या घरावर खडूने ‘पी’ आणि मूल राहिलेल्या घरावर ‘एक्स’ अशी खूण करण्याची पद्धत आहे. पण ताडपत्रीच्या पालाला भिंतच नसते, तेव्हा आम्ही ती खूण बागेच्या मोटारघरावर करत असू आणि मुलांच्या डाव्या करंगळीवरील शाई पाहून खात्री करत असू. लसीच्या कुपीवर उष्णतेने लस बिघडली का, ते दाखवणारे एक वर्तुळ असते. त्यातील चौकोन भोवतालच्या वर्तुळापेक्षा फिकट असेल तोवरच ती लस द्यायची, हे ताई प्रत्येक पालापाशी कुपी उजेडात धरून पाहत. एवढ्या घाईतही ही तपासणी त्यांनी कधी चुकवलेली मला आठवत नाही.

भारतातील शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी हावडा जिल्ह्यात आढळला आणि २७ मार्च २०१४ रोजी आपला देश पोलिओमुक्त असल्याचे प्रमाणपत्र मिळाले. त्यानंतर क्लबातील अनेकांना हे काम संपले असे वाटू लागले. पाकिस्तान आणि अफगाणिस्तानात विषाणूचा फैलाव अजून थांबलेला नाही, तोवर फेऱ्या चालूच ठेवाव्या लागतात, हे नव्या सदस्यांना दर वर्षी पुन्हा समजावून सांगावे लागते आणि ते मी सांगत राहणार आहे.

शिरपूर, व्यापारी

कडबाकुट्टीत हात गेलेली माणसे आपल्याकडे गावोगाव भेटतात. पेंढी आत सारताना बाही किंवा पदर रुळांत ओढला जातो आणि कोणी यंत्र बंद करीपर्यंत व्हायचे ते होऊन जाते. आमच्या क्लबाने ‘एलएन-४’ या कृत्रिम हाताचे शिबिर घेतले होते. अमेरिकेतील एका दांपत्याने अपघातात गेलेल्या आपल्या मुलीच्या स्मरणार्थ हा हात तयार करवला. तो मोफत दिला जातो आणि जगभरातील रोटरी क्लब तो गरजूंपर्यंत पोहोचवतात. शस्त्रक्रिया लागत नाही, मात्र कोपराखाली हाताचा पुरेसा भाग शिल्लक असावा लागतो. पट्ट्यांनी हात बांधला, की पेन धरणे, पेला उचलणे अशी कामे तिथल्या तिथे करून घेतात. सभागृहात त्या वेळी टाळ्या वाजल्या आणि डोळ्यांत पाणीही आले.

काही महिन्यांनी आम्ही दोघे जण एका सालगड्याच्या घरी गेलो, तेव्हा तो हात खुंटीला टांगलेला होता. त्याचे कारण त्याने संकोचत सांगितले. घामाने कातडी सोलवटत होती आणि पट्ट्यांच्या चिकटपट्टीत (वेल्क्रोत) माती व कापसाचे तंतू अडकल्याने त्या धरतच नव्हत्या. शिवाय मालकाने त्याला फावडे चालवायला सांगितले होते, जे या हाताचे कामच नव्हे. आम्ही ओट्यावर बसलो, जुन्या दात घासायच्या ब्रशने पट्ट्या साफ करून दाखवल्या, आत घालायला सुती मोजा दिला आणि कोणती कामे या हाताने करायची व कोणती नाहीत, ते त्याच्या मालकालाही समजावले. पुढच्या खेपेला गेलो, तेव्हा त्याच्या आईने त्याच हातात कप देऊन आमच्यासमोर त्याला चहा पाजला आणि ती म्हणाली, “आते कप धराई जास, भाऊ.”

तेव्हापासून हात दिलेल्या प्रत्येकाचे नाव, गाव आणि दूरध्वनी क्रमांक असलेली एक वही मावळता अध्यक्ष नव्या अध्यक्षाच्या हाती देतो. पदग्रहणाच्या कार्यक्रमात हार-तुऱ्यांपूर्वी ही वही दिली जावी, असा माझा आग्रह असतो.

धागाकर्ता

अशी वही इतर क्लबांत आहे का, हेही कृपया लिहावे. नेत्रशिबिरांच्या बाबतीत तिची फार गरज आहे.

धुळे, नेत्रशल्यचिकित्सक

नेत्रशिबिराचा उल्लेख झाला म्हणून लिहितो. रोटरीचे माजी जागतिक अध्यक्ष राजेंद्र साबू यांच्या पुढाकाराने १९९८ मध्ये भारतीय डॉक्टरांचे पथक युगांडाला गेले आणि तेव्हापासून अशी वैद्यकीय पथके आफ्रिकेतील देशांत जात आली आहेत. पुढे अशाच एका पथकात मला मलावीला जाण्याची संधी मिळाली.

तेथे मोतीबिंदूच्या बऱ्याचशा शस्त्रक्रिया डॉक्टर नव्हे, तर खास प्रशिक्षण घेतलेले क्लिनिकल ऑफिसर करतात. त्यांचा हात अतिशय तयार होता. टाके न घालता लहान छेदातून मोतीबिंदू काढण्याची पद्धत आपण खेड्यापाड्यांतील शिबिरांत वापरतो, तीच तेथेही उपयोगी पडते, कारण तिला महागडे यंत्र लागत नाही. आमच्या पथकाने किती शस्त्रक्रिया केल्या, हा आकडा परतल्यावर सत्कारात सांगितला गेला. मला स्वतःला त्याहून मोलाचे वाटले ते हे, की दुपारनंतर आम्ही सूक्ष्मदर्शकाच्या दुसऱ्या नळीशी बसून तिथल्या सहकाऱ्यांना शस्त्रक्रिया करू देत होतो आणि अवघड डोळ्यांविषयी त्यांच्याशी बोलत होतो. पाहुणा सर्जन निघून जातो. आठवड्याने एखाद्याचा डोळा लाल झाला, तर तो याच सहकाऱ्यांकडे येणार असतो. त्यांच्यापैकी एक जण आजही अवघड रुग्णाच्या डोळ्याचे छायाचित्र पाठवून माझे मत विचारतो.

वहीविषयी : आमच्याकडे आहे, पण चष्म्याचा क्रमांक काढण्यासाठी रुग्णाला दीड महिन्याने बोलावण्याचे काम तिच्याकडे पाहून कोणी तरी करावे लागते. तेच राहून जाते.

अमळनेर, गृहिणी

रोटरीच्या युवा विनिमय कार्यक्रमात ब्राझीलची एक मुलगी आमच्या घरी राहिली होती. या कार्यक्रमात वर्षभरात दोन-तीन कुटुंबे आळीपाळीने मुलांना सांभाळतात. ती मला आई म्हणत असे आणि कळण्याच्या भाकरीबरोबर भरीत आवडीने खात असे. शाळेत होणाऱ्या क्लबाच्या कार्यक्रमांना तिला नेहमी पाहुणी म्हणून बसवत. मी मात्र तिला शेजारच्या वस्तीतील मुलींच्या अभ्यासवर्गात पाठवले आणि तिथे ती सायंकाळी खो-खो शिकली व त्यांना इंग्रजी शिकवू लागली. ती परत गेल्यावर माझ्या धाकट्या मुलीने तो वर्ग चालू ठेवला.

धडगाव, आश्रमशाळेतील शिक्षक

मी काम स्वीकारणाऱ्यांच्या बाजूने लिहितो. आमच्या शाळेला एका संस्थेने पाणी शुद्ध करण्याचे यंत्र दिले. आमच्याकडे विजेचा दाब इतका कमी-जास्त होतो, की पावसाळ्यात ते बंद पडले. दुरुस्तीचा माणूस शहरातून येणार, घाट चढून येणार, तर त्याचा खर्च कोणी द्यायचा, हे कोठेच ठरलेले नव्हते. फलक अजून आहे.

रोटरीच्या जागतिक अनुदानासाठी प्रकल्प किमान ३०,००० डॉलरचा असावा लागतो आणि स्थानिक गरजांचे मूल्यमापन आधी करावे लागते, असे नंतर आलेल्या दुसऱ्या क्लबाच्या सदस्यांनी आम्हाला सांगितले. ते लोक मुलांशी बोलले, स्वयंपाकघरातील मावशींशी बोलले आणि वही घेऊन दिवसभर शाळेत राहिले. मावशींनी सांगितले, की यंत्र नको, विहिरीवरून टाकीपर्यंत पाणी आणणारी नळी आणि विहिरीला कठडा हवा. तेच झाले, आणि नळी फुटली तर ती आमचा शिपाई स्वतः जोडतो.

नंदुरबार, रोटरॅक्ट (रोटरीची तरुणांची शाखा) सदस्य, औषधनिर्माणशास्त्राची विद्यार्थिनी

आमच्या भिल्ल आणि पावरा समाजात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे प्रमाण मोठे आहे. २०२३ मध्ये केंद्र सरकारने त्यासाठी राष्ट्रीय अभियान सुरू केल्यापासून तपासणीला वेग आला असून आम्ही शिबिरांत नोंदणीचे काम करतो. बोटातून थेंबभर रक्त घेऊन प्राथमिक चाचणी लगेच होते. पण ती व्यक्ती केवळ वाहक आहे की रुग्ण, हे इलेक्ट्रोफोरेसिस या प्रयोगशाळेतील पुढच्या तपासणीनंतरच कळते आणि तो अहवाल उशिरा येतो. दिवाळीनंतर घेतलेल्या एका शिबिराचे अहवाल घेऊन आम्ही गावात गेलो, तेव्हा निम्म्या घरांना कुलपे होती, कारण माणसे ऊसतोडीसाठी गुजरातेत गेली होती.

त्यानंतर क्लबातील ज्येष्ठांशी बोलून आम्ही शिबिरे पोळ्याच्या आगेमागे घेऊ लागलो. अहवाल आठवडे बाजाराच्या दिवशी देतो, कारण त्या दिवशी नवरा-बायको दोघेही येतात आणि लग्नाळू मुलांचे आई-वडीलही भेटतात. ज्यांना औषध सुरू झाले आहे, त्यांना ऊसतोडीला निघताना पुढील महिन्यांच्या गोळ्या बरोबर मिळाव्यात, यासाठी सध्या आरोग्य केंद्राशी आमचे बोलणे चालू आहे. गुजरातमधील ज्या भागांत आमची माणसे जातात, तेथील क्लबाच्या कोणा सदस्याने हे वाचले, तर कृपया येथेच कळवावे.