नववीच्या इंग्रजीला सगळ्या काळ्याकुट्ट गोष्टीच का?

आंबेमोहोर:
नमस्कार मंडळी. आम्ही डॅलसजवळ राहतो. लेक नववीत आहे, म्हणजे इथल्या हायस्कूलचं पहिलं वर्ष. तिच्या इंग्रजीच्या बाईंनी दिवाळीपासून डिस्टोपियन साहित्य लावलंय, म्हणजे भयाण, बिघडलेल्या कल्पित समाजांच्या गोष्टी. आधी कथा: शर्ली जॅक्सनची 'द लॉटरी', कर्ट व्हॉनेगटची 'हॅरिसन बर्जरॉन', रे ब्रॅडबरीची 'द पेडेस्ट्रियन'. मग ब्रॅडबरीचीच 'फॅरनहाइट ४५१' ही पुस्तकं जाळणाऱ्या समाजावरची अख्खी कादंबरी आणि शेवटी चार पानी निबंध.

परवा 'लॉटरी' झाली. गावकरी दरवर्षी जूनमध्ये चौकात जमून चिठ्ठ्या उचलतात आणि जिच्या चिठ्ठीवर काळा ठिपका निघतो तिला सगळे मिळून दगडांनी मारतात. लेक वरणभात नुसता चिवडत बसली होती. म्हणाली, "आई, तिच्या छोट्या मुलाच्या हातातपण कोणीतरी खडे देतं गं." मी काय बोलणार? पोळी वाढली.

शाळेचं पत्र आलंय, हरकत असेल तर दुसरं पुस्तक देऊ. नवरा म्हणतो घेऊन टाक, तेवढाच गणिताला वेळ मिळेल. मला वाटतं तिने वाचावं, पण चौदा वर्षांच्या पोरांना इतका अंधार सलग कशाला? आणि निबंधाला मदत कशी करू? मी मराठी माध्यमाची. आमच्या वेळी इंग्रजी म्हणजे गाइडमधलं उत्तर घोकायचं आणि पेपरात ओकायचं.

टेक्सासचा तात्या:
दुसरं पुस्तक अजिबात घेऊ नका. आमच्या ओळखीत एकांनी घेतलं, पोरगा चर्चेच्या तासाला लायब्ररीत एकटा. आमच्या चिरंजीवांनी तर कादंबरी उघडलीच नाही, नेटवरच्या सारांशावर 'बी' ग्रेड मिळवली. पुस्तकं जाळणाऱ्यांच्या गोष्टीत पुस्तक न वाचता पास!

खडूफळा:
मी न्यू जर्सीत सरकारी शाळेत नववी-दहावीला इंग्रजी शिकवते. माहेर सांगली.

आंबेमोहोर, 'सलग अंधार' हा आक्षेप दर वर्षी कोणीतरी घेतंच. या गोष्टी का लावतात, तर एक साधं कारण म्हणजे त्या छोट्या आहेत आणि पोरं त्या खरंच वाचतात. 'हॅरिसन बर्जरॉन' १९६१ ची, एका तासात वाचून होते आणि पुढचा अख्खा तास भांडणात जातो. साल २०८१, कायद्याने सगळे समान. हुशार जॉर्जच्या कानात रेडिओ बसवलाय, विचार लांबायला लागला की त्यात कर्कश आवाज होतो. गळ्यात ४७ पौंड छऱ्यांची पिशवी कुलूप लावून अडकवलेली. बायको म्हणते, चार छरे काढून टाक ना, घरी कोण बघतंय? तर एका छऱ्यामागे दोन हजार डॉलर दंड आणि दोन वर्षं तुरुंग. अर्धा वर्ग म्हणतो लेखक समतेच्या विरोधात आहे. उरलेला म्हणतो, समतेला घाबरणाऱ्यांचीच तो थट्टा करतोय. आपल्याकडची मुलं घरी ऐकलेला आरक्षणाचा मुद्दा हमखास काढतात. मग मी विचारते, गोष्टीतले लोक कुठल्या रेषेवरून धावायला निघाले होते, आणि तुम्ही ज्यांच्याबद्दल बोलताय ते कुठल्या? पुढचं भांडण त्यांचं ते करतात.

आता 'फॅरनहाइट'. कादंबरी १९५३ ची. मुलं पहिल्या मसुद्यात ठरलेलं वाक्य लिहितात: सरकार वाईट, त्याने पुस्तकं जाळली. मी त्यांना बीटीचं भाषण परत वाचायला लावते. बीटी हा जाळणाऱ्यांचा साहेब. तो सांगतो की सुरुवातीला वरून हुकूम वगैरे काही आलेला नव्हता. लोकांना सगळं आटोपशीर हवं होतं, कोणाला काही टोचायला नको होतं, वाचणं आधी त्यांनीच सोडलं. खरी बघायची ती मिल्ड्रेड, नायकाची बायको. कानात रात्रंदिवस शिंपल्याएवढा रेडिओ. बैठकीच्या खोलीत तीन भिंतींचे टीव्ही आहेत, तिला चौथी भिंत पाहिजे. दोन हजार डॉलर फक्त, म्हणते. नवरा सांगतो, माझा वर्षाचा एकतृतीयांश पगार आहे तो! लेकीला सांगा, एवढीच चौथी भिंत धर आणि तिच्यावर लिही. 'समाजावरील परिणाम' असा डोंगर उचलायला गेली की चार पानं भरतात, पण त्यांत काही नसतं.

तुमची मदत म्हणाल तर इंग्रजी लागतच नाही. तिला स्वयंपाकघरात मराठीतून गोष्ट सांगू दे. ती काही ठासून बोलली की विचारा, "हे पुस्तकात कुठे दिसलं तुला? पान दाखव." आमचं सगळं गुणांकन या एका प्रश्नावर चालतं.

आणि शेवटापर्यंत वाचू दे. शेवटी जंगलात भेटणारे लोक एकेक पुस्तक पाठ करून जपत असतात. गेल्या वर्षी वर्गातल्या एका मराठी मुलाने हात वर करून इंद्रायणीत बुडवलेली गाथा लोकांच्या तोंडी कशी राहिली ते सांगितलं. मी काही पढवलं नव्हतं. तेव्हा तुमच्या घोकंपट्टीला इतकी नावं ठेवू नका.

कृष्णाकाठ:
खडूफळाताई, लिहिलंय छान, पण 'वरून हुकूम नव्हता' हे मुलांच्या डोक्यात फार पक्कं करू नका. मी १९७५ साली कॉलेजात होतो. आणीबाणी आली ती रातोरात आणि वरूनच आली. काही वर्तमानपत्रांनी अग्रलेखाची जागा कोरी सोडली होती. त्याच वर्षी आमच्या कऱ्हाडला साहित्य संमेलन झालं. स्वागताध्यक्ष यशवंतराव चव्हाण, म्हणजे केंद्रातले मंत्री. अध्यक्ष दुर्गाबाई भागवत, आणि त्या त्याच व्यासपीठावरून आणीबाणीच्या विरोधात बोलल्या. पुढे त्यांना अटकही झाली. लोकांनी वाचणं सोडलं म्हणून नव्हतं झालं हे काही.

खडूफळा:
काका, एकदम मान्य. तुमची आणीबाणी जॉर्ज ऑर्वेलच्या '१९८४' या १९४९ च्या कादंबरीच्या जवळची, तिथे दडपशाही वरूनच येते. मी दहावीला दोन्ही समोरासमोर ठेवते. फक्त एक विचारू? सेन्सॉर बसल्यावर गाड्या वेळेवर धावतात म्हणून खूश झालेले लोक तुमच्या आसपास नव्हते?

कृष्णाकाठ:
होते की. आमच्या घरातच होते. वडील.

पायी पायी:
कादंबरीवर एवढं चाललंय, पण माझं मत 'पेडेस्ट्रियन'ला. २०५३ सालातली नोव्हेंबरची रात्र, एक माणूस नुसता पायी फिरायला निघालाय. बाकी सगळे घरात टीव्हीसमोर. पोलिसांची गाडी अडवते. धंदा काय? लेखक. गाडी नोंद करते, धंदा नाही. आत माणूसच नाही, गाडीच बोलतेय. पुढे रवानगी वेड्यांच्या इस्पितळात. ब्रॅडबरीला स्वतःला लॉस एंजलिसमध्ये मित्राबरोबर चालताना पोलिसाने हटकलं होतं, त्यातून ही कथा आली. तो जन्मभर गाडी चालवायला शिकला नाही, हे एक अवांतर.

२०१५ ची अलाबामातली बातमी आठवते का? मुलाकडे आलेले एक गुजराती आजोबा सकाळी घरासमोर फिरत होते, इंग्रजी येत नव्हतं. कोणीतरी पोलिसांना फोन केला आणि पोलिसाने त्यांना जमिनीवर आपटलं, मणक्याला मार बसला. ही कथा वाचली की मला ते आठवतात.

आंबेमोहोर:
सगळ्यांचे आभार. माझे सासरे सध्या इथेच आहेत. रोज संध्याकाळी मफलर आणि कानटोपी घालून निघतात, आमच्या भागात फुटपाथ नाही म्हणून लोकांच्या हिरवळीच्या कडेकडेने. शेजाऱ्यांनी दोनदा गाडी थांबवून विचारलंय, काही मदत हवी आहे का. आता हे वाचून त्यांच्या खिशात पत्त्याची चिठ्ठी ठेवली, त्यावरून घरात वेगळंच महाभारत झालं.

पण लेकीने त्यांना कथा मराठीतून सांगितली. आबांचा पहिला प्रश्न, "गाडीत माणूस नव्हता, मग त्याने कोणाला घाबरायचं?" आजोबा-नात तासभर त्यावरच. मी मधे फक्त एकदा 'पान दाखव' म्हटलं, तर दोघंही माझ्यावर खेकसले.

तिला आता निबंध याच कथेवर लिहायचाय. चालेल का ते बाईंना विचारायला सांगितलंय. शाळेच्या पत्रावर 'हरकत नाही' लिहून दिलं. नवऱ्याला अजून सांगितलेलं नाही.