आइस हॉकीतली सगळ्यात भारी स्टार्टिंग सिक्स? माझं मत ठाम: सोव्हिएत ग्रीन युनिट

निळीरेष:
मोठी नावं जमवली की बर्फावरचे सहा (एक गोली, दोन डिफेन्सवाले, तीन फॉरवर्ड) होतात पण टीम होत नाही. गोलमध्ये ट्रेटियाक, मागे फेटिसोव्ह-कासातोनोव्ह, पुढे क्रुतोव्ह, लारिओनोव्ह, माकारोव्ह. प्रॅक्टिसला हिरव्या जर्सी म्हणून ग्रीन युनिट. पुढे वाट दिसली नाही तर हे लोक पक (खेळायची रबरी चकती) घेऊन सरळ मागे वळायचे, पुन्हा मांडणी करायचे आणि पाचही जण एकदम निघायचे, डिफेन्सवाला फेटिसोव्ह तर कधी फॉरवर्डच्याही पुढे! 1981 ची कॅनडा कप या देशांच्या स्पर्धेची फायनल बघा, माँट्रिअलमध्ये, समोर कॅनडाचे ग्रेट्झ्की, लाफ्लर, रॉबिन्सन, कोच स्कॉटी बोमन. सोव्हिएत जिंकले 8-1.

उत्तरध्रुव:
8-1 सगळे सांगतात, त्याच स्पर्धेत साखळीत कॅनडाने यांना 7-3 हरवलं ते कोणी सांगत नाही. एका रात्रीवर ग्रेट ठरत नसतं, अख्खा सीझन बघा. 1976-77 माँट्रिअल कॅनेडियन्स, एनएचएल म्हणजे उत्तर अमेरिकेच्या व्यावसायिक लीगमधली टीम, 80 मॅचमध्ये 60 विजय, 12 बरोबरी, फक्त 8 पराभव आणि त्यातला घरच्या बर्फावर एकच. शट-लेमेर-लाफ्लर, मागे रॉबिन्सन आणि सावार्ड, गोलमध्ये ड्रायडन. शटने एकट्याने 60 गोल केले. टीमने 387 केले आणि 171 खाल्ले, हा फरक बघून तरी माना.

ऑइलवेडा:
आणि एनएचएलमधलीच एडमंटन??? 1983-84 ला 446 गोल, तो रेकॉर्ड आजही उभा आहे. ग्रेट्झ्की, कुरी, मागून डिफेन्सवाला पॉल कॉफी सुटला की कोण पकडणार त्याला.

निळीरेष:
@ऑइलवेडा कॉफी माझाही आवडता, पण ग्रेट्झ्कीच्या डाव्या बाजूला कोण ते सांगा ना. सेमेन्को, क्रुशेल्निस्की, टिकानेन, सतत बदल. ज्या लाइनची एक जागा कायम रिकामी ती सर्वोत्तम सहा कशी?

सेंटरआइस:
ग्रीन युनिटचं कौतुक करताना एक गोष्ट विसरताय. हे सगळे ज्या मॉस्कोच्या सीएसकेएचे, तो म्हणजे आर्मीचा क्लब, लष्करी सेवेच्या नावाखाली देशभरातले चांगले प्लेअर उचलायचे. माकारोव्ह चेल्याबिन्स्कचा, लारिओनोव्ह वोस्क्रेसेन्स्कचा. एनएचएलच्या कुठल्या टीमला हे जमलं असतं? शिवाय ट्रेटियाक 1984 ला थांबला, मग सहा तरी किती वर्षं टिकले.

निळीरेष:
@सेंटरआइस उचलून आणले हे खरंच आहे, आणि त्याची किंमत त्या पोरांनीच मोजली, वर्षातला बहुतेक काळ कॅम्पात, घरच्यांपासून लांब. शेवटी 1988 मध्ये लारिओनोव्हने कोच तिखोनोव्हविरुद्ध जाहीर पत्र लिहिलं, त्या काळात तसं लिहायला केवढी छाती लागत असेल. पण सक्तीने माणसं एकत्र आणता येतात, तो खेळ सक्तीने येत नाही. पुरावा पाहिजे? 1995 ला एनएचएलच्या डेट्रॉइट टीममध्ये बोमनने पाच रशियन एकत्र उतरवले, त्यात फेटिसोव्ह आणि लारिओनोव्ह होते, आणि 1997 ला स्टॅनली कप, म्हणजे एनएचएलचं विजेतेपद, जिंकला. बोमन म्हणजे @उत्तरध्रुव तुमच्या 76-77 चाच कोच, त्यालाही हाच खेळ हवासा वाटला!

उत्तरध्रुव:
बोमनचा मुद्दा बिनतोड आहे. तरी माझं उत्तर 31 डिसेंबर 1975 ची मॅच, कॅनेडियन्स विरुद्ध सीएसकेए, 3-3. शॉट्स माँट्रिअलचे 38, त्यांचे 13. म्हणजे त्या रात्री सीएसकेएला एकट्या ट्रेटियाकने वाचवलं. ड्रायडनच्या जागी ट्रेटियाक घ्या, माझी ना नाही, पुढचे पाच मात्र माझेच.