मांगी-तुंगीला रोपवे नको म्हणणाऱ्यांनी आधी पायऱ्या उखडाव्यात

पारोळेकर
मागच्या रविवारी मायला घेऊन मांगी-तुंगीला, त्या दोन सुळक्यांच्या जैन तीर्थाला गेलो, साडेसातला पायथ्याशी पोचलो. धुळे, साक्री, पिंपळनेर, शेलबारी घाट, ताहराबाद. (‘ते नाशिकात येतं, खानदेशात नाही’ असं कोणी सुरू करू नका. 1869 ला नाशिक जिल्हा होईपर्यंत बागलाण, म्हणजे हाच भाग, खानदेशातच होतं.) पायऱ्या साडेतीन हजारांच्या आसपास सांगतात. मी मोजायला घेतल्या, पाचशेवर मायनं पाणी मागितलं आणि हिशेब गेला. तिचं वय 67, गुडघे गेलेले. थोडं पुढं जाऊन एका कठड्यावर बसली. म्हणाली, "तू जाय, मी आठेनच हात जोडस." वणीच्या गडावर 2018 पासून ट्रॉली चालते, देवीचं काही बिघडलं नाही. मग इथंच रोपवे म्हटलं की लोक का खवळतात? पायऱ्या काय डोंगराला आपोआप उगवल्या?

सुळकेवेडा, धुळे
वणीशी तुलना करू नका भाऊ. तिथं गडावर गाव आहे, एसटी जाते, वर उरतात पाचशेच्या आसपास पायऱ्या. ती ट्रॉली रुळावरून चढते. इथं दोन उघडे सुळके, मधे खिंड आणि वारा असा की टोपी धरून चालावं लागतं. शिवाय पायऱ्या शेंड्यावर जातच नाहीत. सुळक्याच्या बुडाशी, गुहांपर्यंत जातात आणि तिथून कड्याला धरून प्रदक्षिणा. वरचा खडक अजून कोणाच्या हाती लागलेला नाही. रोपवे आला की वर स्टेशन, स्टेशनाला टपरी, टपरीमागे प्लास्टिक.

पारोळेकर
टपरी खाली आहेच की. आणि डोंगराचाच खडक कोरून 108 फुटी तीर्थंकर ऋषभदेव उभे केले, 2016 साली, तेव्हा सुळकेवाले कुठं होते?

सुळकेवेडा, धुळे
एकदा कोरला म्हणून रोज कोरायचा का?

भूगोलाचा मास्तर
गंमत सांगतो. आपल्या काळ्या खडकाला ‘डेक्कन ट्रॅप’ म्हणतात. तो ‘ट्रॅप’ स्वीडिश भाषेतल्या जिन्यावरून आलाय. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थरावर थर बसला, झीज होत गेली आणि डोंगर पायऱ्यापायऱ्यांचे दिसू लागले. म्हणजे पारोळेकर, उगवल्याच म्हणा! पण हा खडक भेगाळतो, पावसाळ्यात दगड सुटतात. खांब रोवण्याआधी तेवढं बघावं. एवढंच, बाकी तुमचं चालू द्या.

शिरपूरची सून
आमच्याकडे दिगंबर परंपरेत राम, हनुमान, सुग्रीव इथूनच मोक्षाला गेले, त्यांच्यासोबत 99 कोटी मुनी. म्हणून ही सहल नाही, वंदना आहे. मी अनवाणी चढले, सासूबाई डोलीत. वर पोचल्यावर त्यांची वंदना कमी झाली असं कोणी म्हटलं नाही. रोपवेनं कमी होईल का? प्रामाणिकपणे सांगते, मला तसं वाटत नाही. पण पाच मिनिटांत वर गेलेला माणूस पाच मिनिटांतच कंटाळतो, हेही बघितलंय.

पायथ्याचा
एवढे लिहिले, डोलीवाल्यांचा शब्द कोणी काढला नाही. माझा मामा डोली उचलतो. सुट्टीच्या दिवसातच काय ती कमाई, बाकी वर्ष शेतात. रोपवेचं तिकीट काढून लोक वर गेले की मामानं काय करायचं? पारोळेकर भाऊ, मायला डोलीत का नाही बसवलं? पैशासाठी?

पारोळेकर
पैशाचं नाही रे. मी दर विचारून आलो होतो. माय म्हणाली, माणसाच्या खांद्यावर एकदाच जायचं असतं, ते पण जिवंतपणी नाही. आता काय बोलणार? तुझ्या मामाचं खरं आहे, तो मुद्दा माझ्या डोक्यातच आला नव्हता. रोपवेचं तरी मी सोडत नाही.

पायथ्याचा
सोडू नका. पण पुढच्या वेळी पहाटे पाचला चढायला लागा. साडेसातला पोचून ऊन अंगावर घेतलंत, म्हणून पाचशेवर पाणी मागितलं. आणि काठी खालूनच घ्या.